गेणभाऊची चार डिग्री

गेणभाऊ थंडीला भितो, हे अवसरी बुद्रुकमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. चैत्रात लोक सावलीकडे सरकायचे, हा उन्हाकडे. मंचरला रसवंतीवर बसलो की मी बर्फ घालून घ्यायचो आणि हा गडी माझ्या ग्लासाकडे साप बघावा तसा बघायचा. मला त्याची लई मजा वाटायची. पण मजा वाटावी अशी ती गोष्ट नव्हती.

दोन एकरात भागत नाही म्हणून गेणभाऊ मंचरजवळच्या एका कोल्डस्टोरेजात बटाट्याची पोती रचायला जायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला बियाण्याचा बटाटा तिथे ठेवायचा आणि दसऱ्यानंतर लागवडीला काढायचा, ही आमच्याकडची रीत. आत चार डिग्री थंडी ठेवतात. शहाण्णवच्या ज्येष्ठात एका दुपारी हा वरच्या माळ्यावर सडका माल निवडत होता. ऑपरेटरला वाटलं, सगळे बाहेर आले. त्यानं दिवा घालवला आणि दार ओढून घेतलं. दार वीतभर जाड, आतली कडी मोडलेली. आत ढोल वाजवला तरी बाहेर ऐकू यायचं नाही.

चार तास. अंगावर घामानं भिजलेली बंडी. अंधारात चाचपडत हा पोती उचलून इकडची तिकडे ठेवत राहिला. बसला असता तर बसूनच राहिला असता. संध्याकाळी त्याची बायको ठकूबाई दूध घालून त्या वाटेनं आली, तर गेटाशी याची सायकल.

"सगळी गेली घरला," ऑपरेटर म्हणाला.

"सायकल हितं ठिवून माणूस चालत गेला व्हय? उघडा ती खोली."

बाहेर काढला तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. त्यानंतर तो त्या खोलीत गेला नाही. मालकानं त्याला बाहेर वजनकाट्यावर बसवला.

मग आलं दोन हजार चार. गेणभाऊची एकुलती लेक आरती बोरी बुद्रुकला दिलेली. जावई ज्ञानेश्वर पिंपरीत कारखान्यात मशीनवर. त्या दोघांना कॅनडात कायमचं राहायचा कागद मिळाला. दिवाळी झाली की दोन वर्षांच्या अक्षदाला घेऊन निघायचं. प्रश्न एकच उरला, राहायचं कुठं? व्हँकुव्हरला एक कारखाना जावयाला चांगल्या पगारावर घेत होता. विनिपेगला पगार कमी, पण ज्ञानेश्वरच्या ओळखीचा नारायणगावचा हौशीराम तिथे बायकोसह राहायचा आणि म्हणायचा, आमच्या डोक्यावरचीच खोली रिकामी आहे, या.

आरती मंचरच्या इंटरनेटच्या दुकानातून जानेवारीची थंडी वहीत लिहून घेऊन आली. व्हँकुव्हर चार डिग्री. विनिपेग उणे सतरा. ते ऐकलं आणि गेणभाऊचा चेहरा उतरला.

"मामा, उणे सतरापेक्षा चार बरी की," जावई हसला.

"पाव्हणं, उणे सतरा मी बघितली न्हाई. चार बघितलीया."

"घरात हीटर असतोय मामा."

"आन दार?"

"दार असणारच की."

मग तीन दिवस गेणभाऊला भाकरी गोड लागेना. माझ्या ओट्यावर येऊन बसला. "तात्या, तुमचं ती ऐकंल. तिला म्हणावं, चारात जाऊ नगं."

"मग काय उणे सतरात पाठवतो? पाणी दगड व्हतं तिथं."

"आसंल. ज्याची वळख न्हाई त्याला भ्यायचं कसं, सांगा."

आरती बापापेक्षा हट्टी. म्हणाली, "आबा, मला ती खोली दाखवा. मग बोलू."

आता खरं सांगतो, तो नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. पण भादव्यातल्या एका सकाळी तो कांबळं पांघरून माझ्या दारात उभा. "तुमी संगं चला. दारात पाय घालून उभं ऱ्हायचं."

मी पाय घातला. ऑपरेटर नवा होता, तो ओरडायला लागला, "ओ आजोबा, सगळी थंडी बाहेर चाललीया." आतून आरती म्हणाली, "तात्या, लावा दार. दहा मिनिटं." गेणभाऊचे डोळे मला अजून दिसतात. मी पाय काढला.

आत काय झालं ते मला आरतीनं नंतर सांगितलं. स्वेटर असल्यानं तिला थंडीचं फारसं काही वाटलं नाही. पण बापानं तिचं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. त्याचे दात वाजत होते आणि नजर दारावरून हलत नव्हती. तिनं विचारलं, "आबा, तवा थंडीची भीती वाटली का?"

तो म्हणाला, "थंडी पोती उचलली की कमी व्हायची. मी हितं हाये हे कुणालाच ठावं न्हाई, त्याची वाटली."

इकडे दहा मिनिटं झाली. मी दाराचा खटका ओढला, तर तो हलेना. पुन्हा ओढला. मी हाका मारत ऑपरेटरकडे धावलो. त्यानं येऊन एका हिसक्यात उघडलं. मला खटका उलटा ओढायचं सुचलं नव्हतं, एवढंच. पण त्या अर्ध्या मिनिटात गेणभाऊचे चार तास मला पहिल्यांदा कळले.

संध्याकाळी आरतीनं नवऱ्याला विचारलं, "व्हँकुव्हरला आपल्याला कोण ओळखतं?"

"होतील की ओळखी."

"तुम्ही दहा-बारा तास कामावर. घरात मी आणि अक्षदा. दिवसभरात आमचं दार कोण वाजवणार?"

"अगं पण उणे सतरा."

"कपडे घेऊ."

ठरलं विनिपेग. ठकूबाईनं लोकरीचे पायमोजे विणायला घेतले. गेणभाऊनं मान डोलावली, पण भीती काही गेली नाही. फोन माझ्याकडे, त्यामुळे ती तिकडे गेल्यावर दर रविवारी सकाळी तो यायचा आणि आरतीला एवढंच विचारायचा, "आज लंकाबाई वर आली व्हती का?" लंकाबाई म्हणजे हौशीरामची बायको.

जानेवारीतल्या एका रविवारी फोन आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. आम्ही लावला तर नुसता वाजत राहिला. गेणभाऊच्या हातातलं टोपीचं टोक घामानं भिजलं होतं. साडेनवाला घंटी झाली, तर लंकाबाई.

"आरतीला ताप चढलाय, झोपलीय. ज्ञानेश्वर भाऊजी रातपाळीला. तुमची घंटी वाजली तेव्हा मी औषधाला खाली गेले होते. मी इथंच बसलीय पोरीला घेऊन. किल्ली माझ्याकडं असती, काळजी करू नका."

मी म्हटलं, थंडी किती? म्हणाली, उणे एकतीस. मी ते गेणभाऊला सांगितलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. फोन ठेवला तरी तो उठेना.

"चहा घे आता. झाला की फोन."

"आरतीचा कुठं झालाय," तो म्हणाला, आणि फोनकडे तोंड करून बसून राहिला.