ड्रॉवरमधला अलार्म

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. ईडन प्रेरी, आमचं घर. हजर : मी, नवरा मिलिंद, नागपूरहून आलेल्या सासूबाई (त्यांना मीही आईच म्हणते), लेक सई, आणि फर्नेस बघायला आलेला गॅरी.

एवढी नोंद माझ्या वहीत आहे. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. पण त्या सकाळी मी बोललेलं एक वाक्य कुठेच लिहिलेलं नाही, आणि त्याच्यामागचं खरं चार वर्षांत कुणाला सांगितलेलंही नाही — मिलिंदलाही नाही. तुम्हाला सांगते आहे.

आमची फर्नेस घराइतकीच जुनी होती. तळघरात बसून गॅसवर हवा तापवायची आणि घरभर सोडायची. ती बंद पडायच्या आत बदलायची, असं मी ठरवलं होतं. तीन कॉन्ट्रॅक्टर, तीन कोटेशनं, एक तक्ता. वॉरंटी किती, काम किती दिवसांत, बूट काढून आत येतो का — सगळ्याला रकाने. पहिला डिसेंबरात येऊन गेला. म्हणाला, आतल्या पत्र्याला चीर गेली असावी, थांबू नका. मी त्याच्या रकान्यात लिहिलं — 'घाबरवून विकतो'. पहिल्याचं ऐकून कुणी निर्णय घेतं का? दुसऱ्याने नाताळच्या सुट्ट्यांत दोन आठवडे घालवले. मी थांबले. तक्ता पूर्ण व्हायचा होता ना.

त्याच दिवसांत आईंचं डोकं दुखायला लागलं. रोज सकाळी. त्यांची खोली तळमजल्यावर, तळघरातल्या फर्नेसच्या बरोबर वर. मी म्हटलं, थंडी बाधली असेल. सुंठ उगाळून दिली.

आता अलार्मचं. फोडणी पडली की छतावरचा अलार्म किंचाळतो, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. कुणी त्याला आंघोळीची टोपी घालतं, कुणी खाली उभं राहून टॉवेल फिरवतं. आमचा अलार्म धुराचाही होता आणि कार्बन मोनॉक्साइडचाही. तो विषारी वायू चिरलेल्या फर्नेसमधून घरात पसरू शकतो; तो दिसत नाही, त्याला वास येत नाही. हे मला माहीत होतं — खोक्यावरचं बारीक अक्षरही वाचणारी बाई आहे मी.

गुरुवारी दुपारी तो वाजला. मी घरूनच काम करत होते, मीटिंग चालू होती. स्टुलावर चढले, अलार्म काढला, बॅटरी काढली, दोन्ही वस्तू ड्रॉवरमध्ये टाकल्या. आई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "वीणा, अगं मी तर आज फोडणी घातलीच नाही नं. नुसता वरणभात आहे."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि म्हटलं, "आई, मीटिंग आहे माझी."

शनिवारी गॅरी आला. तिसरा. दारातच त्याच्या कमरेचा, विषारी वायू ओळखणारा मीटर वाजायला लागला. त्याने भाव सांगितला नाही, बूटही काढले नाहीत. सरळ खाली जाऊन फर्नेस बंद केली आणि आम्हा चौघांना आपल्या व्हॅनमध्ये बसवलं. फायर ब्रिगेडला फोन केला. आईंच्या अंगावर स्वतःचं जाकीट घातलं. सई त्यांचा हात धरून म्हणत होती, "आजी, टॉक टू मी. कीप टॉकिंग." मग गॅरीने विचारलं, घरात अलार्म नाही का?

सगळे माझ्याकडे बघत होते. घरातलं सगळं मलाच माहीत असतं ना.

मी म्हटलं — इंग्रजीत, स्वच्छ — "माझ्या सासूबाई फोडणीच्या वेळी काढून ठेवतात."

मिलिंद त्यांच्याकडे वळला. "आई, अगं निदान परत लावायला सांगायचं तरी!"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चुकलंच बापा माझं." डोकं गरगरत होतं म्हणून त्यांना आठवलं नाही, की आठवूनही त्यांनी ते स्वतःवर घेतलं? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

दवाखान्यात दिवसभर ऑक्सिजन दिल्यावर आई सावरल्या. आम्ही परतेपर्यंत गॅरीने दोन इलेक्ट्रिक हीटर आणून ठेवले होते, आणि सोमवारी नवी फर्नेस बसवली. दर दिवाळीला मी त्याला चकल्यांचा डबा देते. तो 'टू स्पायसी' म्हणत सगळ्या संपवतो. आम्ही चौघं आहोत ती त्याच्यामुळे. आई इथे असल्या की रोज सकाळी त्यांच्या खोलीतून कपाच्या चमच्याचा आवाज येतो आणि मला हायसं वाटतं — हे मी मनापासून लिहिते आहे. पण त्या हायसं वाटण्याखाली काय आहे, ते मला ठाऊक आहे.

कारण मी तेवढ्यावर थांबले नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी 'कॉन्ट्रॅक्टर कसा निवडावा' अशी यादी टाकली. लोकांनी फार नावाजली, अजूनही फिरते आहे. तिच्यातला पहिला मुद्दा : 'घरातल्या ज्येष्ठांना अलार्म काढू देऊ नका.' तो मी लिहिला. आईंनी वाचला.

यंदा त्या पुन्हा आल्या आहेत. आजच्या यादीत पाच कामं होती. फर्नेसचा फिल्टर बदलला. अलार्मची चाचणी घेतली. गॅरीला वार्षिक तपासणीची वेळ दिली. सईचे बर्फातले बूट दुकानात परत केले. पाचवं राहिलं आहे — 'आईंना सांगणे'. ते दर हिवाळ्यात यादीत येतं आणि पुढच्या यादीत जातं.

आत्ता त्या आमटी करताहेत. बाहेर उणे अठरा आहे. फोडणी घालायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आहे — त्या हिवाळ्यापासून आमच्या घरी त्या असंच करतात — आणि मला हाक मारून विचारताहेत, "वीणा, घालू का गं फोडणी? चालेल नं?"