शर्टावरचे डाग

जळगाव-धुळे एसटीने शाळेत जाता-येता मी समोरच्या प्रवाशांची चित्रं काढते. मी चित्रकलेची शिक्षिका, पण खरी चित्रकार बसमध्येच असते. माझा एक नियम आहे: ज्याचं चित्र, त्यानेच पाहून "हा मीच" म्हणायचं आणि खाली सही करायची. नाही म्हटलं तर पान फाडायचं. चार वह्या भरल्या, एकही पान फाडावं लागलं नव्हतं. ही फुशारकी मी ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवली आहे.

त्या दिवशी समोरच्या सीटवर एक केळीकापणी करणारा बसला. असोद्याच्या मळ्यातलं काम संपवून पारोळ्याकडे घरी निघाला होता. मांडीवर गमछ्यात बांधलेली केळीची हिरवी फणी, आणि शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत चिकाचे काळपट डाग. चेहरा असा करारी की पेन्सिल थांबेना. एरंडोल येईपर्यंत चित्र झालं, आणि झकास झालं!

मी वही पुढे केली. त्याने बराच वेळ पाहिलं.

"अक्का, हाऊ मी नही शे."

हा मी नाही, म्हणे! नाक चुकलं? डोळे?

"मन्हा डाग कोठे गयात?"

डाग मी मुद्दामच गाळले होते. बिचाऱ्याला मळक्या कपड्यांत कशाला दाखवायचं, असा माझा शहाणपणा. तसं सांगितल्यावर तो चिडला नाही, पण वही त्याने सही न करताच परत केली.

"हाई बठ्ठं मन्हं काम शे, अक्का. धोईसन बी जात नही."

हे सगळे डाग म्हणजेच त्याचं काम! मला स्वतःचाच राग आला. वीस वर्षं मुलांना सांगते, दिसतं ते काढा. आणि स्वतः मात्र माणसाची कमाईच पुसून मोकळी! पान फाडायला हात घातला, तर त्याने तो धरला. गमछा सोडला, एका केळ्याच्या देठाशी नख रोवलं आणि आलेला चीक बोटाने चित्रातल्या शर्टावर टेकवत गेला. खांदा, छाती, पोट. जिथे होता तिथेच प्रत्येक डाग. कागद नुसता ओला दिसत होता.

"चार दिनमा दखा," म्हणाला, आणि सावकाश अक्षरं जुळवत सही केली. "आते हाऊ मी शे."

चार दिवसांत डाग गडद तपकिरी उमटले.

परवा स्टाफरूममध्ये एका बाईंनी वही चाळली आणि हळहळल्या, "अरेरे, एवढ्या चांगल्या चित्रावर चहा सांडला?"

"चहा नाही," मी जरा जोरातच म्हणाले, "असोद्याच्या केळीचा चीक आहे. आणि ज्याचा आहे, त्यानेच लावलाय."