हात हलला नव्हता

"ही बाई आहे की धूर?"

वकीलसाहेबांनी माझा फोटो दोन बोटांत धरला होता. कोपऱ्याने. घाण उचलावी तसा. आधी स्वतः पाहिला, मग दिव्याकडे धरला, मग शेजारच्याला दिला. त्याने पुढच्याला दिला. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानावर एक हॉल होता, तिथे सतरंजीवर गोल करून बसलेले हौशी फोटोवाले. सगळे पुरुष. मुलगी मी एकटी. त्यांच्या गळ्यात परदेशी कॅमेरे. माझ्या मायचा फोटो त्या गोलात फिरत होता आणि ज्याच्या हातात जाईल तो हसत होता. कोणी म्हणालं, चुलीजवळ काढला असेल. कोणी म्हणालं, पोरीने भूत पकडलं.

फोटो फिरून परत साहेबांकडे आला. ते या फोटोवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. कोर्टात मोठं नाव. ते स्वतः हसले नाहीत. मास्तर समजावतो तसं बोलले आणि तेच मला जास्त झोंबलं.

"कॅमेऱ्याला दोष देऊ नका. हात हलतो तुमचा. नाजूक वस्तू धरायची सवय लागते. तुमच्याकडे आताच कुठे असल्या वस्तू हातात यायला लागल्यात. एकदोन पिढ्या जाऊ द्या."

तुमच्याकडे. म्हणजे कोणाकडे, ते हॉलमध्ये एकूण एक माणसाला कळलं. माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. कॉलेजातल्या सरांनी मंडळात माझं नाव दिलं तेव्हा मी उडत उडत घरी आले होते. आता त्या हॉलचा जिना मी कठडा धरून उतरले. फोटो मी पुस्तकात घातला आणि इतवारीच्या बाजारातून चालत घरी आले.

माझा कॅमेरा म्हणजे एक डबा. मामा रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या. कुण्या साहेबाची बदली झाली, बांधाबांध करताना तो डबा मामाला देऊन टाकला. पुढे एक साधी काच. तिला मागेपुढे करायची सोय नाही. बटण एक, त्याचा वेग एक. सात-आठ फुटांच्या अलीकडचं काही नीट येत नाही. ऊन पाठीशी लागतं. बस. पण मला तो हवा होता, आणि कशासाठी हवा होता ते मला पक्कं माहीत होतं. बाबा गेले तेव्हा मी लहान होते. त्यांचा एकही फोटो नाही. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, बाजूला रिकामा खिळा आहे. बाबांचा चेहरा माझ्या डोक्यात होता, तोही पुसट होत चालला. नाक आठवतं, डोळे आठवत नाहीत. मायचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. मायचा एक स्वच्छ फोटो, प्रत्येक सुरकुती दिसेल असा. मंडळात त्याला शार्प म्हणायचे. मला माय शार्प पाहिजे होती.

आणि साहेब म्हणाले, हात हलतो.

मी माझ्या हाताच्या मागे लागले. अक्षरशः हात धुऊन. डब्यात रोल नसतानाच अंगणात उभी राहायची. कोपरं बरगड्यांना घट्ट. पाय फाकवून. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, बाकीचा धरायचा, मग बटण दाबायचं. झटक्याने नाही, पीठ चाचपावं तसं हळू. मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी डब्याला बांधली, तिचं दुसरं टोक पायाखाली धरलं आणि डबा वर ताणला. चिंधी ताठ झाली की डबा हलत नाही. वस्तीतल्या बाया हसायच्या. विचारायच्या, हे पोरगी काय करून राहिली वं? मी चिडायची. रात्री ताटलीतून घास उचलतानाही मी माझ्या बोटांकडे बघायची. ही थरथरतात का? भात सांडला तर तोच घास पुन्हा उचलून बघायची. माझ्याच हाताला मी चोर समजायला लागले होते.

माय इतवारीत एका धान्याच्या दुकानावर कामाला होती. पोती उतरली की सांडलेलं झाडायचं, चाळायचं, पाखडायचं. दिवसभर गल्लीच्या कडेला. एक दिवस कॉलेजातून मी थेट तिथे गेले. हाताची कटकटच नको म्हणून डबा पोत्यांच्या थप्पीवर ठेवला, खाली वीट सरकवली, ऊन पाठीशी घेतलं. मायला समोर भिंतीशी उभं केलं. हलू नको म्हणाले. नाही हलत म्हणाली. बटण दाबलं.

रोल धुऊन आला. माय पुन्हा धूर.

मला रडूच आलं. फोटो धुणाऱ्याच्या दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर बसून मी तो फोटो फाडायला घेतला. आणि फाडता फाडता थांबले. मायच्या मागची भिंत दिसत होती. विटांच्या सांधी दिसत होत्या. खाली तुरीचा ढीग, त्यातला दाणा न दाणा वेगळा. सुपाच्या काड्या मोजता येतील इतक्या स्पष्ट. डबा हलला असता तर भिंतही हलली असती. ढीगही पुसटला असता. सगळं जागच्या जागी होतं. फक्त माय नव्हती.

मी पुस्तकातून पहिला फोटो काढला. तोच, आधी दुकानावर डबा हातात धरून काढलेला, जो त्या गोलात फिरला होता. त्यातही मागच्या पोत्यांची शिवण टाका न टाका दिसत होती. माझा हात तेव्हाही हलला नव्हता. गळ्यात परदेशी कॅमेरे घालून बसलेल्या त्या सगळ्यांनी फोटो पाहिला, पण आडनाव आधी पाहिलं. आणि मी? मी तर त्यांच्यापेक्षा लवकर विश्वास ठेवला. त्याचीच चीड जास्त आली.

घरी आल्यावर मायला विचारलं, तू काहून हलली? ती म्हणाली, नाई बा, म्या कुठं हलली. मी दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले. तिने ते बराच वेळ पाहिले. मग चुलीत लाकूड सारत म्हणाली,

"कोनी समोरून पाह्यलं का पाय आपोआप मांगं सरकते, वं. मले मालूमबी नाई पडत."

मग तिने सांगितलं. लग्नाआधी गावात पाटलाच्या घरचं कोणी समोरून आलं की रस्ता सोडून नालीकडे उतरायचं, तोंड फिरवायचं, ते पार जाईपर्यंत मान वर करायची नाही. तिच्या मायने तिला चालायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं. दीक्षा घेतली, देव सोडले, गाव सोडलं, पण पायांना कोणी सांगितलंच नाही. इतवारीतही दिवसभर तेच. ठेला आला, सरक. शेठ आला, सरक. परवा एक साहेब मोठं नळकांडं डोळ्याला लावून आला, त्याच्यासाठीही सरकली. हे सगळं ती अगदी साधं बोलली, भाजीला मीठ किती घातलं ते सांगावं तसं. मी ऐकत होते आणि माझं अंग तापत होतं.

नळकांडंवाला कोण ते मंडळाच्या प्रदर्शनात कळलं.

तोच हॉल. भिंतीला पांढरा कपडा, पाहुणे, पेपरवाले, बशीत पेढे. मधोमध सगळ्यांत मोठी चौकट. त्यात माझी माय. पदर पुढे ओढलेला, मान खाली, सूप छातीशी धरलेलं, एक पाय मागे उचललेला. सरकतानाचा तो एक क्षण साहेबांच्या महागड्या कॅमेऱ्याने कापून काढला होता. पापण्यांवरचा भुसा दिसत होता. लुगड्याचा धागा न धागा दिसत होता. खाली पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात नाव लिहिलेलं. शालीनता.

साहेबांनी मला लांबूनच हाक मारली. पाहुण्यांच्या देखत म्हणाले, या, बघा, शार्प म्हणजे काय असतं ते शिका. एका पाहुण्याने विचारलं, बाई कोण? साहेब म्हणाले, असेल इतवारीतली कोणी. पण या वर्गात अजून मर्यादा शिल्लक आहे बघा, पुरुष दिसला की नजर कशी खाली जाते.

"माझी माय आहे ती," मी म्हणाले.

साहेब हसले. "मग भाग्यच तुमचं. तुम्ही काढली तर धूर झाली, मी काढली तर चित्र झालं."

त्या हॉलमध्ये मी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायची. जपून, शब्द निवडून. ते त्या क्षणी गळून पडलं.

"हे मर्यादा नोहे, साहेब. थे तुमच्या वाटेतून सरकून राहिली. उतरवा फोटो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. कलेत जात आणू नका, म्हणाले. बापा! आणली कोणी होती? दोन पिढ्यांचा हिशोब कोणी सांगितला होता मला, याच सतरंजीवर? उतरवणार नाही म्हणाले, फोटो माझा आहे. मी म्हणाले, फोटो तुमचा, माय माझी. आणि मी पुढे झाले, चौकट दोन्ही हातांनी धरली आणि खिळ्यावरच उलटी फिरवली. तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे. कोणीतरी माझा दंड धरला. मी तो झटकला. जिना उतरताना या वेळी कठडा धरला नाही. पुन्हा मी तिथे गेले नाही आणि कोणी बोलावलंही नाही.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. तिने विचारलं, शालीनता म्हंजे काय? मी म्हणाले, लाजाळूपणा. ती खो खो हसली. खोकला येईपर्यंत हसली.

"म्या कवा लाजली वं? पोते वाहून लाजता येते का?"

मग हसू थांबलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, उद्या डबा घेऊन दुकानावर ये.

मी गेले. जागा तिनेच निवडली. भिंतीशी नाही, गल्लीच्या मधोमध, जिथून ती रोज सरकायची. मी डबा थप्पीवर ठेवला, विटेवर टेकवला. ऊन पाठीशी. डब्यासमोर आठ पावलांवर मायला उभं केलं. तिने पदर मागे टाकला. हनुवटीवरचं गोंदण दिसायला लागलं. ती सरळ डब्याच्या काचेत बघत होती.

तेवढ्यात मायच्या मागून स्कूटर आली. दुकानाचे शेठच. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. गल्लीतले हमाल थांबून बघायला लागले. मायच्या पायाचा अंगठा मातीत रुतताना मला दिसला. टाच उचलली गेली. माझा श्वास धरलेला होता, तो तसाच राहिला. टाच खाली टेकली.

मान न वळवता माय म्हणाली, "थांब म्हनाव त्याले."

मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी शेठने तिला कामावरून काढलं. दुसरं दुकान मिळेपर्यंत आम्ही फार हाल काढले, ते मी गोड करून सांगणार नाही. फोटो मात्र आला. मायचे दोन्ही डोळे, कपाळावरची शीर, नाकाची जुनी चमकी, सगळं शार्प. मागे स्कूटरवर कोणीतरी आहे. त्याने हात उचललेला आहे, मान हलवली आहे. त्याचा चेहरा ओळखू येत नाही.

बाबांच्या रिकाम्या खिळ्याशेजारी मी नवा खिळा ठोकला. तो रिकामा खिळाही काढला नाही. काढणारही नाही.

अजून तोच डबा आहे माझ्याकडे. मी वस्त्या-वस्त्यांतून फिरते, आमच्या माणसांचे फोटो काढते. दारात नाही, भिंतीशी नाही. रस्त्याच्या मधोमध उभं करते. मान वर करायला लावते. मागून कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू द्या म्हणते. माझा हात हलत नाही, आणि समोरचा माणूस जोवर न सरकता उभा राहील तोवर मी बटणावरून बोट काढणार नाही. ज्याला पुढे जायचं आहे त्याने थांबावं.