काकांच्या केसांचे सहा महिने

स्वतःच्या केसांसाठी इतके कष्ट घेतलेला आणि त्याच केसांना इतका कमी वेळ दिलेला माणूस साऱ्या हैदराबादेत दुसरा नसेल. नल्लकुंट्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे काका आबिड्सच्या एका कार्यालयात हेडक्लार्क आहेत. रोज सकाळी सव्वानऊला ते जिना उतरतात, माझ्या बाबांना जयभीम करतात आणि दारातल्या स्कूटरच्या आरशात वाकून डोक्याची पाहणी करतात. ही पाहणी मी शाळेत असल्यापासून बघत आले आहे. तेव्हा त्यांचा भांग कपाळाच्या डाव्या बाजूला होता. मग तो दरवर्षी थोडा खाली सरकत कानापर्यंत आला आणि तिथून निघालेले पंधरा-वीस लांब केस काका फार काळजीने उजव्या कानाकडे पोहोचवू लागले. कुणाकडे गेले की पंखा कुठे आहे हे बघून मगच ते खुर्ची निवडत. टकलाची त्यांना लाज होती असं नाही. ही एक तात्पुरती अडचण आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अडचण किती दिवस टिकू शकते याचा हिशोब त्यांच्याकडे पक्का होता. चाळीस दिवस. त्यांच्या ऑफिसातले तेलुगू सहकारी दरवर्षी काळे कपडे घालून एक्केचाळीस दिवसांच्या व्रताची दीक्षा घेतात. अफझलगंजचे हकीम कुठलंही औषध एका चिल्ल्याचं, म्हणजे चाळीस दिवसांचं देतात. आणि काकांच्या गावाकडे, देगलूरला, बाळंतीण सव्वा महिन्याने घराबाहेर पडते. तीन वेगवेगळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता जवळपास एकच आकडा काढला, तेव्हा त्यात काहीतरी शास्त्र असणारच, असं त्यांचं ठाम मत होतं. "चाळीस दिवसांत बाळंतीण उठून कामाला लागते," ते म्हणायचे, "मग केसांना काय झालंय?"

त्यामुळे त्यांचा प्रत्येक उपाय चाळीस दिवस चालायचा. स्वयंपाकघरातल्या तेलुगू कॅलेंडरवर लाल पेनाने एकेक दिवस खोडला जायचा आणि एक्केचाळिसाव्या दिवशी उपाय नापास व्हायचा. कांद्याच्या रसाचे चाळीस दिवस मला चांगले आठवतात, कारण ते आमच्या जिन्यालाही आठवत असावेत. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि काका तो कांद्याचा जादा फायदा समजायचे. माक्याच्या तेलाने उशांचे अभ्रे हिरवे झाले. एकदा तर ते रोज अर्धा तास भिंतीवर पाय टेकवून उताणे पडायचे, रक्त डोक्याकडे जावं म्हणून. त्या अवस्थेत त्यांच्या साहेबांचा फोन आला तेव्हा ते साहेबांशी तसेच, पाय वर करून, फार अदबीने बोलले. हकीमसाहेबांचं काळं तेल संपल्यावर ते रिकामी बाटली घेऊन अफझलगंजला जाब विचारायला गेले होते. हकीमसाहेब शांतपणे म्हणाले, "चालीस दिन में तो जडां जागते मियाँ, बालां बाद में आते." काका परत आले आणि हा माणूस बेभरवशाचा आहे म्हणाले. काकूंचं निदान वेगळं होतं. "डोक्यावर काही उगवंना," त्या माझ्या आईला सांगायच्या, "पण मोरीच्या जाळीत पीक दर वर्षी चांगलं येतंय."

शेवटी काकूंनीच त्यांना बरकतपुऱ्यातल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरणीकडे नेलं. ती माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. तिने एक पातळ औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ लावायचं, आणि स्वच्छ सांगितलं की पहिले दोन महिने केस उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. तीन-चार महिन्यांनी काही दिसलं तर दिसेल, उपयोग होतोय की नाही हे सहा महिन्यांनी ठरवायचं, आणि नंतरही सोडायचं नाही. "सहा महिन्यांत आमच्याकडं तूर येते, डॉक्टर," काका म्हणाले. डॉक्टरीण तेलुगू होती. तिने मान हलवली आणि लिहिलं, फोटो काढून ठेवा, दर महिन्याला, एकाच जागी, एकाच उजेडात.

फोटोंसाठी त्यांनी मला निवडलं. काकू फोटो काढताना हसत, आणि त्यांची मुलगी पुण्याला. मी घरूनच काम करते आणि फारशी कुणाशी बोलत नाही. हा माझा दोष आहे असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं आहे, पण काकांनी तो गुण म्हणून धरला. "तू कुणाला सांगणार नाहीस, म्हणून," एवढंच बोलून ते आमच्या गॅलरीत स्टुलावर बसले आणि मान खाली घातली. दुसऱ्याच्या डोक्याचा माथा इतक्या जवळून बघणं जरा अवघड असतं. मी एक फोटो काढला, तारीख घातली. महिन्याने दुसरा काढला. डॉक्टरणीने सांगितल्याप्रमाणे त्यात केस कमी दिसत होते. काकांनी तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला आणि दहा दिवसांनी, एक्केचाळिसाव्या दिवशी, औषध बंद केलं.

गोष्ट इथेच संपली असती, पण त्या उन्हाळ्यात काकांच्या आईला देगलूरहून इकडे आणलं. त्यांचे मोठे भाऊ म्हणाले होते की म्हातारीला आता काही लक्षात राहत नाही, तिला शहरात दाखवा. आजी रिक्षातून उतरल्या, काका त्यांना धरायला पुढे झाले, आणि आजींनी त्यांच्याकडे बघून पटकन पदर डोक्यावर ओढून घेतला. "अवो," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी कवा आलाव?"

काकांचे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. ते पूर्ण टकले होते आणि चेहरा, काकू म्हणतात, छापल्यासारखा हाच. पहिल्या दिवशी सगळेच हसले, काकाही हसले. पण आजी काका जेवल्याशिवाय ताटाला हात लावेनात, आणि ते खोलीत आले की पाय दुमडून, अंग चोरून बसू लागल्या. संध्याकाळी त्या खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत आणि काका घरी आले की त्यांनाच विचारत, "पोरगं कुटं हाय? अजून आलं न्हाई." काका म्हणत, "येईल. ऑफिसात काम असेल." आजी पुन्हा खिडकीकडे वळत. हे रोज चालायचं. म्हातारी ज्याची वाट बघत होती तो तिच्यासमोर उभा होता आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. एकदा सांगून बघितलं, तर आजी घाबरून काकूंना म्हणाल्या की ह्यांना ताप चढलाय.

काकांनी एक दिवस आबिड्सवरून केसांचा टोप आणला. तो घालून ते आईसमोर बसले. आजींनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "घरात कशाला टोपी? काढा की." टोप अजून कपाटावर आहे.

त्यानंतर ते एकटेच बरकतपुऱ्याला गेले. परत आल्यावर आमच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "मागचे चाळीस दिवस धरत नाहीत म्हणे. पहिल्यापासून सहा महिने." मी विचारलं, आजी तोवर? ते म्हणाले, "तेच मी डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, ते माझं खातं नाही." मग स्टूल ओढून बसले आणि मान खाली घातली.

चाळीस दिवसांच्या वर टिकलेली काकांची ही पहिली गोष्ट. तेही सहज झालं नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी ते औषधाची बाटली घेऊन खाली आले, कारण मोरीतलं पीक पुन्हा जोरात आलं होतं. बाटली आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "नको, बेटा. जे आहेत तेही चालले." मी त्यांच्याशी सहसा दोन शब्दांच्या पुढे जात नाही. त्या दिवशी मी म्हणाले, "काका, मागच्या वेळीही तुम्ही बरोबर इथेच सोडलं होतं." त्यांनी फोनमधले जुने फोटो मागून घेतले, त्यांच्या तारखा बघितल्या, आणि बाटली घेऊन वर गेले.

मग त्यांना धीराचं जणू व्यसनच लागलं. सकाळी-रात्री घड्याळ बघून औषध, ते वाळेपर्यंत उशीला डोकं लावायचं नाही म्हणून ताठ बसून बातम्या, आणि कुणी विचारलं तर "अजून ठरवायची वेळ झाली नाही" एवढंच उत्तर. दरम्यान आजी थकत चालल्या होत्या. कधीकधी दोन-दोन दिवस मुलाची चौकशीच करत नसत. काकूंना वाटायचं, बरं झालं, जिवाला घोर कमी. काका मात्र अशा दिवशी फोटोची तारीख नसतानाही खाली येऊन विचारायचे, "काही दिसतंय का?" चौथ्या महिन्यात दिसलं. तान्ह्या बाळाच्या जावळासारखं काहीतरी, तेही तिरप्या उजेडात. पाचव्या महिन्यात ते उजेड न बघताही दिसू लागलं. सहाव्या महिन्याच्या फोटोत माथ्याच्या मधोमध कातडी थोडीच उरली होती. डॉक्टरीण खूश झाली. काकांनी कानाकडचे ते लांब केस कापून टाकले, न्हाव्याकडून डाव्या बाजूला भांग पाडून घेतला, आणि घरी येताना जिन्यातूनच मला हाक मारली. फोटोसाठीच बोलावलं असेल म्हणून मी फोन घेऊन वर गेले.

आजी खाटेवर बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर खाली बसले आणि डोकं जरा पुढे केलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. आजींनी डोकं बघितलं, चेहरा बघितला, परत डोकं बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमास्नी केस आले की."

मी फोन खाली केला. काका तसेच बसून होते. "होय," ते म्हणाले, "आले खरे."

"चांगलं दिसतंय. पोराला दावा. त्याला लई आवडंल."

मला वाटलं, आता काका औषध सोडणार. पुढच्या महिन्यात फोटोच्या तारखेला ते फोटोसाठी आले नाहीत तेव्हा ते सोडलंच असं मी धरून चालले. संध्याकाळी काकूंचा डबा परत द्यायला वर गेले, तर काका आईच्या खाटेशी बसले होते. डोक्याला औषध लावलेलं होतं, ओलं दिसत होतं. ते विचारत होते, "आणि पोरगं कसं आहे म्हणालीस?"

"गुणाचं हाय," आजी म्हणाल्या. "थोरल्यापरीस हेच मायाळू. बोलून दावत न्हाई, पण माजं समदं करतंय." मग काहीतरी आठवल्यासारखं त्या पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणला. "पर मी असं म्हनले म्हनून त्याला सांगू नगा. माजलं तर?"

"नाही सांगत," काका म्हणाले.

मी डबा दाराशी ठेवला आणि आवाज न करता जिना उतरले.