दादाने उघडी ठेवलेली गाडी

वहिनीचं आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर गेलं. मशीन अडलं की मिस्त्रीची वाट बघत बसणं तिला कधी जमलं नाही. स्वतःच उघडायची, स्वतःच बसवायची.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने घरच्या शेडमध्येच गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला घेतला. जुना काढला, चहाला आत गेला आणि खुर्चीतच संपला. नवा बेल्ट पाकिटात राहिला, पान्हा खालच्या पुलीच्या बोल्टवर. वहिनीने कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी मुलाने भंगारवाल्याला सांगितलं. "उद्या नेईल. त्याआधी चालू झाली तर ठेव, आई. मी तोंड उघडणार नाही."

तिने मला बोलावलं. मी जुना मेकॅनिक, पण माझे हात आता थरथरतात.

"हात माझे, डोकं तुमचं, भावोजी."

"डोकं तरी कुठे शाबूत आहे?"

"चालेल. या घराला सवय आहे."

हा बेल्ट वरची आणि खालची पुली एका तालात फिरवतो. ताल चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन कामातून जातं. म्हणून काढण्याआधी खुणा करतात. वरची पुली जुन्या बाजारातली, तिच्यावर कंपनीची खूण नव्हती. दादाने खडूने केली असणार. दिसेना.

"इथे पांढरी रेघ होती?"

वहिनीचा चेहरा उतरला. "मी रोज पुसते ना सगळं. त्यांच्या कामावर धूळ नको म्हणून."

मी वाकून पुलीची दुसरी बाजू बघितली. मग तीच म्हणाली, "पान्हा रोज थोडा खाली येतो."

"बोल्टवर ढिला असेल."

"असेल. पण मी रोज रात्री घट्ट बसवून वर करून ठेवते."

खालची पुली तपासली. तिची खूण जागेवर होती. पान्ह्याकडे मी पुन्हा बघितलं नाही.

वहिनीने डोळे मिटून वरच्या पुलीच्या दातांवर बोट फिरवलं. एका दाताला बारीक कंगोरा होता. "इथे फडकं अडकतं. पहिल्या दिवशी पांढरं इथेच लागलं होतं." तो दात इंजिनवरच्या खाचेसमोर आणला. वरचं झाकण उघडून खात्री केली. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. बोट बरोबर होतं.

बेल्ट चढवला, ताण दिला. आता पान्ह्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं.

अर्ध्यात पान्हा जड झाला.

"जोर नको. थांबा."

ती थांबली. इंजिनातून लांब सुस्कारा आला.

"सिलिंडरमधली हवा आहे," मी म्हणालो.

"कळतं मला." तिने पान्हा सोडला नाही. दोन फेरे पूर्ण झाले, खुणा जुळल्या.

सगळं बसवून वहिनीने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मग लागलं. आवाज सरळ होता. ती स्टिअरिंग धरून ऐकत राहिली. रडली नाही. गाडी सावकाश मागे घेतली आणि शेडबाहेर काढली. खिडकीतून शेडकडे बघत म्हणाली, "अहो, दार लावून घ्या."

मला ती लग्न झाल्यापासून भावोजी म्हणते; 'अहो' फक्त दादाला.

मी दाराला हात लावला नाही.