सरपंचबाईंची दुसरी

दिग्रसहून एसटीनं फाट्यावर उतरलं आणि थोडं पायी गेलं की आमचा तांडा लागतो. तिथल्या शाळेत मी पहिली-दुसरी शिकवते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर गावच्या नव्या सरपंचबाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, खिचडी तपासायला आल्या असतील.

"मॅडम, मले दुसरीत बसवा," त्या म्हणाल्या.

"ताई, पहिलीपासून सुरू करू या."

"पहिली झाली माही. मंग मायबाप ऊसतोडीले गेले, दुसरी राह्यली."

म्हणणं खरं निघालं. कमळ, बदक, सरपंच हे सगळं त्या घडाघडा वाचत. जोडाक्षर आलं की मात्र क्षणभर थांबत आणि ते अक्षर सोडून पुढं जात. आमच्याकडे जोडाक्षरं दुसरीत शिकवतात. ऑफिसच्या पाटीवरचा 'ग्रा' त्यांना गाळावा लागे, म्हणजे तोवर त्या 'मपंचायती'च्या सरपंच होत्या.

घाई सव्वीस जानेवारीची होती. पंधरा ऑगस्टचं भाषण त्यांच्या मालकांनी ठोकलं होतं आणि बाई शेजारी हार घालून उभ्या होत्या. आता त्यांना स्वतः वाचायचं होतं.

दुपारच्या सुट्टीनंतर त्या सतरंजीवर मुलांच्या रांगेत बसू लागल्या. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. शेजारच्या मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकी, अक्षराखाली बोट ठेव." काकींनी ठेवलं.

पुस्तक, रस्ता, कुत्तरडं नव्हे कुत्रा, असं करत आम्ही पुढं सरकलो. अर्धं अक्षर मागच्या अक्षराला चिकटवून म्हणायचं: पुस्-तक. कुणी अडलं तर उत्तर सांगायचं नाही, फक्त शब्दाचे तुकडे टाळ्यांवर वाजवायचे, हा वर्गाचा नियम. गाडी अडली ती 'र'पाशी.

"सूर्यामधी र तोंडात आधी येते," बाई म्हणाल्या, "मंग लिहाले शेवटी कायले? अन तेही य च्या डोक्यावर?"

मी सांगितलं की र आधी उच्चारला तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि नंतर उच्चारला तर पायाशी जातो, जसा 'ग्राम'मध्ये.

बाईंनी विचार केला. "म्हंजे जावईच हाये. तो म्हणन तिथी बसवा लागते."

दुसरीला हे पटलं. सासरे कोणीच नव्हते, तरी पटलं.

जानेवारी लागला तशी मला काळजी वाटू लागली. म्हणून मी त्यांना एकही जोडाक्षर नसलेलं भाषण लिहून दिलं. 'आज आपला मोठा दिवस आहे' अशी सुरुवात होती. बाईंनी ते न अडखळता वाचलं आणि कागद परत केला.

"याच्यात प्रजासत्ताक कुठी हाये?"

"ते जड जाईल, ताई."

"मंग मी दुसरीत कायले बसली?"

मी दुसरं भाषण लिहिलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, लाडवांची पातेली झाकून ठेवली होती, आणि बाई कागद घेऊन उभ्या राहिल्या. 'विद्यार्थी' गेलं. 'ग्रामस्थ' गेलं. 'प्रजासत्ताक' त्यांनी असं वाचलं की मागची म्हातारी माणसं दचकली. मग 'स्वातंत्र्य' आलं आणि बाई थांबल्या.

मालक मागून कुजबुजले, "सवातंतर..."

"थांबा," बाई माइकवरच म्हणाल्या. "मी वाचून राह्यली."

लाडू अजून वाटले नव्हते, त्यामुळे कुणी उठलं नाही. तेवढ्यात दुसरीची रांग, कुणी न सांगता, टाळ्या वाजवू लागली. सावकाश, तुकड्या-तुकड्यानं.

"स्वा," बाई म्हणाल्या. "तं." कागद जवळ घेतला. "त्र्य."

मी मुलांकडे डोळे वटारून पाहिलं, कारण भाषणात मध्येच टाळ्या वाजवू नयेत, हे त्यांना मीच शिकवलं होतं. भाषण आटोपलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मालकांनी लाडू वाटले. मला मात्र दोन लाडू दिले.

त्यानंतर बाई प्रत्येक कागद सहीपूर्वी वाचू लागल्या. मोठ्यानं, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. मासिक सभा संध्याकाळपर्यंत चालू लागल्या.

एकदा दिग्रसच्या एसटीत ग्रामसेवक माझ्या शेजारी बसले. त्यांनी तिकीट काढलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांना मनातल्या मनात वाचायला कधी शिकवता?"

"ते वरच्या वर्गात येतं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या.