गोपिकाबाईंचा हिरवा हौद

१९८३ साली प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत गोपिकाबाईंशी कुणी सरळ बोलत नसे. त्यांच्या अंगणात सोड्याच्या पाण्याचा एक हौद होता आणि त्यात त्या शेवाळ वाढवत. ते गाळून, सुकवून थंड पाण्यात भिजवलं की सुरेख निळा रंग उतरे. तापवल्यावर तो मरे, म्हणून त्या पोरांना विकायच्या बर्फाच्या कांड्यांनाच तो देत. बी एका शिबिरातून आणलेलं. विरजणासारखं थोडं बरणीत राखून ठेवायचं, की पुन्हा हौद हिरवा.

समोरच्या बळीरामच्या पोरीला उलट्या झाल्या आणि तो दारात आला.

“काहून वं, लेकराइले गटार चारून राहिली का?”

“तुह्या पोरीनं माही कांडी खाल्लीच नाही गा. विचार तिले.”

“तिले काय विचारू? थे पाणी पाहूनच मळमळते!”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. तिच्यासोबत गावाला नको असेल त्याचाही पुतळा, म्हणजे बडग्या, करून वाजतगाजत नेतात आणि जाळतात. त्या वर्षी गल्लीच्या बडग्याला लुगडं होतं. ते हिरवं करायला बळीराम आणि त्याच्या सोबत्यांनी लुगडं हौदात बुचकळलं, बरणीही त्यावरच ओतली आणि हौदाचं बूच काढून उरलेलं नालीत सोडलं. गोपिकाबाई दळण घेऊन परतल्या तेव्हा हौद कोरडा होता.

त्या रडल्या नाहीत. पितळी लोटा घेऊन मिरवणुकीमागे चालू लागल्या.

“पाहा, सोताच्याच बडग्याले पोचवाले आली!” लोक खिदळले.

मैदानात बळीरामनं काडी लावली. विझली. दुसरीही विझली.

“ओलं जळत नाही गा,” गोपिकाबाई म्हणाल्या. “पिळू दे मले.”

“पिळ मंग. तुह्याच हातानं पिळ!”

त्यांनी पदराचा कोपरान्‌कोपरा लोट्यात पिळला. मग पुतळा भडकला. “घेऊन जा गे मारबत!” लोक ओरडले, तेही त्यांच्याकडे तोंड करून.

परतताना मागून खडा आला आणि त्यांच्या पाठीला लागला. त्यांनी लोटा पोटाशी घेतला. मी, त्यांच्या कांड्या खाणारा गल्लीतला पोरगा, सोबत होतो. धरू का म्हटलं, तर मानेनंच नको म्हणाल्या.

घरी त्यांनी हातपायसुद्धा धुतले नाहीत. बादलीत सोडा विरघळवला, लोटा हळूच उपडा केला आणि काठी हातात घेऊन ढवळत बसल्या.